बर्फावरून गेलेलं पहिलं घर

आमच्या ॲडलीन गावाचा वाढदिवस मे महिन्यात असतो, पहिली आगगाडी आली त्या दिवशी. स्टेशनासमोर फळ्यांचा मंच बांधतात, बँड वाजतो, शाळेतल्या मुली गाणी म्हणतात. मंचावर मधली खुर्ची असते ती गावात पहिलं घर आणणाऱ्या माणसासाठी, म्हणजे माझे सासरे ऑरिन ट्विचेल यांच्यासाठी.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी मंच सजला, बँडवाले आले, महापौर बर्डेट घाम पुसत उभे राहिले आणि खुर्ची रिकामीच. सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "डेलिया, तू जाऊन ये. नवी सून आहेस, तुला नाही म्हणायचे नाहीत. गोठ्यात असतील बघ."

गोठ्यातच होते. काळा कोट चढवलेला, बूट चकचकीत, आणि एका म्हाताऱ्या बैलाला खरारा करत होते.

"बाबा, सगळे खोळंबलेत."

"सांग त्यांना, बैल आजारी आहे."

बैल निवांत रवंथ करत होता. मी म्हटलं, "तसा दिसत नाही."

"मग सांग, मी आजारी आहे."

"काय होतंय म्हणून विचारलं तर?"

त्यांचा हात थांबला. "तुला खोटं बोलणं जमत नाही वाटतं. बरंय. शिकूही नकोस."

मी परत जाऊन बैलाचंच सांगितलं. बर्डेट सुस्कारा टाकून म्हणाले, "दरवर्षी या दिवशी ट्विचेलकडचं एखादं जनावर आजारी पडतंच." लोक हसले, टाळ्या वाजल्या. किती विनम्र माणूस, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली. गावाने त्यांच्या त्या लपण्याला विनम्रपणा म्हणायचं ठरवून टाकलं होतं.

घरात राहू लागल्यावर एकेक दिसायला लागलं. आमचं घर स्टेशनासमोरच्या कोपऱ्यावर, गावातली सर्वांत मोक्याची जागा. पुढे रुंद ओसरी. पण बाबा कधी त्या ओसरीवर बसले नाहीत. पुढच्या दाराने आत आले नाहीत की बाहेर गेले नाहीत. चिखल असो, बर्फ असो, वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने. माणूस आडदांड, बैलगाड्यांचा धंदा करून हात फावड्यासारखे झालेले, आवाज मात्र इतका खालचा की जेवताना मीठ मागितलं तरी दुसऱ्यांदा विचारावं लागे. कुणाची गाडी रुतली, कुणाचं छप्पर उडालं, तर हे सगळ्यांच्या आधी हजर. आणि आभार मानायला कुणी तोंड उघडलं की टोपी घालून चालू पडायचे.

आणि दर महिन्याला घोडे घेऊन नदीपलीकडे नाल ठोकायला जायचे. ॲडलीनमध्ये नालबंद होता, आमच्याच रस्त्यावर, चांगला कारागीर. पण हे लाकडी पुलावरून पलीकडे जाणार. तो पूलही त्यांनी स्वतःच्या लाकडाने बांधलेला. पलीकडे काय होतं? सँडी फोर्ड नावाचं गाव होतं एकेकाळी. आता नुसत्या घरांच्या जागा, तळघरांचे गवताने भरलेले खड्डे, कुठे एखादं विटांचं धुराडं एकटंच उभं, आणि एक लोहारशाळा, तिला लागून एक घर. लोक त्या पुलाला म्हाताऱ्याचं खूळ म्हणायचे.

एका शरद ऋतूत माझा नवरा वेल्स गव्हाच्या कामाने ओमाहाला गेला होता आणि बाबांचा खांदा आखडला होता, म्हणून लगाम धरायला मी बरोबर गेले. जॅबेझ कूम्स या माणसाला मी तेव्हा प्रथम पाहिलं. बुटका, रुंद, दाढीचं टोक ठिणग्यांनी जळलेलं. तो आमच्याकडे न बघता सरळ घोडीपाशी गेला आणि तिच्याशीच बोलायला लागला.

"काय गं बाई, डाव्या मागच्या खुरावर फार दिवस चालवलंय की तुला. मालकाला डोळे नाहीत वाटतं."

बाबा घोडीच्या कानाकडे बघत म्हणाले, "सांग त्याला, शनिवारी पाहिलं होतं. तेव्हा ठीक होतं."

"शनिवारी पाहिलं म्हणे. काय पाहिलं, शेपूट?"

मला हसू फुटलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी प्रार्थना चालू असताना हसले. कूम्सने खूर मांडीवर घेतला आणि घोडीलाच विचारलं, "ही कोण?"

"सून आहे म्हणावं. वेल्सची बायको. आयोवाची."

"आयोवाची माणसं हसरी असायचीच. तिथे सोसायला आहे काय?"

एवढंच बोलणं. नाल ठोकून झाले, बाबांनी पैसे ऐरणीच्या ओंडक्यावर ठेवले, शेजारी खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक मोठा तुकडा फडक्यात गुंडाळून ठेवला. कूम्सने पैसे उचलले. मांसाकडे पाहिलंही नाही. निघताना वाटेत रानप्लमच्या झुडपांजवळ लोखंडी कठड्यातली एक कबर लागली. बाबांनी टोपी काढली, ती पुलावर येईपर्यंत हातातच.

"बाबा, ते तुमच्याशी बोलत का नाहीत?"

"तुझ्या सासूला विचार," ते म्हणाले. "मी सांगायला लागलो की नकळत स्वतःची बाजू घेतो."

सासूबाईंनी सांगितलं ते सफरचंदं सोलता सोलता, वर मान न करता.

ऑरिन ट्विचेल आणि जॅबेझ कूम्स व्हरमाँटचे, एकाच गल्लीतले. दोघांनी मिळून एक गाडी घेतली, दोघांच्या नव्या बायका, लोविना आणि थर्झा, त्याच गाडीत बसल्या, आणि चौघं पश्चिमेला आली. नदी ओलांडायच्या उताराजवळ सँडी फोर्ड वसत होतं, तिथे राहिली. एकाचा बैलांचा धंदा, दुसऱ्याची लोहारशाळा. दोन्ही घरांच्या मध्ये एकच विहीर. गिरणी झाली, चर्च झालं, डॉक्टर प्रिंगल आले. मग रेल्वेवाले आले.

कंपनीचा माणूस फॅरनहॅम गोड बोलायचा. म्हणाला, स्टेशन तुमच्याच गावात करू. फक्त गावातली निम्मी जमीन कंपनीला फुकट द्या. गावाने ती मागणी हसण्यावारी नेली. उतार आपला, गिरणी आपली, रूळ जाणार कुठून? मग कंपनीची माणसं नदीपलीकडच्या माळावर खुंट्या ठोकताना दिसायला लागली. ओसाड माळ, गवताशिवाय काही नाही. फॅरनहॅमने जाहीर केलं, गाव तिथे होणार. नावही ठरलं, ॲडलीन. कंपनीच्या कुण्या मोठ्या साहेबाच्या पुतणीचं. ती बाई इथे कधी फिरकलीही नाही. जो घर उचलून तिकडे येईल त्याला जागा फुकट.

"त्या रविवारी चर्चमध्ये सभा झाली," सासूबाई म्हणाल्या. "सगळे घाबरलेले. तेव्हा तुझे सासरे उठले. काय बोलले म्हणतेस! म्हणाले, कुणी हललं नाही तर कंपनीला माळावर ससे बसवावे लागतील गाडीत. आपण सगळे मिळून इथेच राहू, झक मारत येतील. लोक बाकांवर उभे राहिले. एकेकाने पुढे येऊन त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. सर्वांत आधी जॅबेझने."

"मग?"

"मग फॅरनहॅम गोठ्यात आला."

त्या मुलखात घर ओढण्याइतके बैल फक्त ऑरिनकडे होते. फॅरनहॅम म्हणाला, तू नाही आलास तर मी दुसरीकडून बैल आणीन, हे गाव उन्हाळ्यापर्यंत ओस पडेल, आणि तू शेवटचा येशील, मागच्या गल्लीत. आधी आलास तर स्टेशनासमोरचा कोपरा तुझा, आणि सगळी घरं ओढायचं काम तुझं. आणि पुढे, गाव कुणी वसवलं असं लोक विचारतील तेव्हा तुझं नाव घेतील.

"ते कामासाठी नव्हते गेले गं," सासूबाई म्हणाल्या. "जागेसाठीही नाही. त्यांनी रेल्वेने टाकून दिलेलं एक गाव पाहिलं होतं, दारादारात गवत उगवलेलं. ती भीती होती. पण भीतीएवढीच ती शेवटची गोष्टही होती. नाव. ते त्यांना गोड लागलं."

नदी गोठली होती. बर्फावरून घर ओढायचं तर बैलांना टोकदार खिळ्यांच्या पत्र्या हव्यात, नाहीतर पाय घसरतात. ऑरिन बैल घेऊन शेजारी गेले. जॅबेझने विचारलं, "एवढ्या सगळ्या जोड्यांना? कशाला रे?"

"पलीकडच्या काठावरून लाकडं आणायचीत."

जॅबेझने दोन दिवस भाता बंद होऊ दिला नाही. थर्झा त्यांना तिथेच बीन्स आणि मक्याचा पाव आणून द्यायची. ऑरिनही तिथे बसून जेवले.

त्यानंतरच्या सकाळी उजाडता उजाडता घर हललं. खाली तुळया आधीच सरकवलेल्या होत्या. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा जमीन दुरुस्त करतोय असं सांगितलं होतं. सासूबाई आत होत्या, वेल्स लहानसा मांडीवर. शेगडी पेटती होती, धुराड्यातून धूर निघत होता, फळीवरचे कप किणकिणत होते.

"खिडकीतून मला थर्झा दिसली," त्या म्हणाल्या. "विहिरीपाशी, हातात बादली. मी हात हलवला. का हलवला देव जाणे, सवयीने. तिनेही हलवला. तिला वाटलं असेल, कुठे जवळपास चाललेत. मग जॅबेझ बाहेर आला. बैलांच्या पायांकडे बघत राहिला. म्हणाला, ऑरिन, ह्या पत्र्या मी लाकडांसाठी ठोकल्या होत्या."

"बाबा काय म्हणाले?"

"ओरडले. बैलांवर. हाँ म्हणून. आणि घर पुढे निघालं."

पहिलं घर बर्फावर गेलेलं पाहिल्यावर गावाचा धीर सुटला. त्याच दुपारी गिरणीवाला येऊन म्हणाला, माझं कधी नेतोस? वसंत यायच्या आत सगळं सँडी फोर्ड नदीपलीकडे गेलं. डॉक्टर प्रिंगल यांचं घर ऑरिननेच ओढलं. चर्च सर्वांत जड. त्याखाली घालायला पुरेशी लाकडं मिळेनात, म्हणून नदी ओलांडायचा जुना तराफा फोडून त्याच्या तुळया लावल्या. बर्फ आहे, तराफा कुणाला लागतोय, असं सगळे म्हणाले.

कूम्सचं घर तेवढं राहिलं. शब्द दिला तो दिला, असं त्याने निरोप घेऊन आलेल्याला सांगितलं.

मार्चमध्ये बर्फ फुटलं. नदीत घराएवढाले तुकडे एकमेकांवर आदळत वाहायला लागले. त्यात एका दुपारी पलीकडच्या काठावर जॅबेझ दिसला. हात हलवत होता, ओरडत होता. वारा उलटा, शब्द तुटक येत होते. थर्झा. ताप. श्वास. डॉक्टर बॅग घेऊन काठावर आले. पण जायचं कशाने? तराफा चर्चच्या पोटाखाली होता. सारं ॲडलीन काठावर उभं राहून बघत राहिलं. ऑरिनने कमरेला दोर बांधून घोडा पाण्यात घातला. बर्फाच्या तुकड्याने घोड्याचा पाय मोडला, त्यांना ओढून बाहेर काढलं. अंधार पडला तसा जॅबेझ मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी जराशी मोकळी झाली. ऑरिनने दाराच्या फळ्या ठोकून होडीसारखं काहीतरी केलं, डॉक्टरांना त्यात बसवलं आणि पलीकडे नेलं. जॅबेझने दार उघडलं. थर्झा सकाळीच गेली होती. तो डॉक्टरांना म्हणाला, "भिजलात. शेगडीपाशी बसा." ऑरिनकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"तेव्हापासून बोललेला नाही," सासूबाई म्हणाल्या. "यांनी पूल बांधला, तो नाल ठोकतो. दोघं घोडीशी बोलतात. मी एकदा म्हटलं, पुरे आता, किती वर्षं? तर म्हणाले, लोविना, थर्झाची वर्षं मोज आधी." सालींचं भांडं उचलून त्या उठल्या.

मला त्यानंतर बाबांची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागली. स्टेशनात गाडी आली की सगळं गाव धावायचं. हे तेवढ्यात तळघरात काहीतरी आणायला जायचे. चर्चमध्ये बाकावर बसायचे पण पाय उचलून, टाचा जमिनीला न टेकवता. खाली तराफ्याच्या त्या तुळया अजून तशाच होत्या.

मग गावाचा रौप्यमहोत्सव आला. बर्डेट चार मोठी माणसं घेऊन घरी आले, अर्थात पुढच्या दाराने, आणि म्हणाले, आता विनम्रपणा पुरे. कंपनीने ग्रॅनाइटचा दगड द्यायचं कबूल केलंय, स्टेशनासमोर उभा राहणार. त्यावर कोरणार, हे नगर वसवणारा पहिला रहिवासी, ऑरिन ट्विचेल.

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, पण तुम्ही पहिले आलात की नाही?"

"आलो."

"मग खोटं काय आहे त्यात?"

बर्डेट बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले. कोरणाऱ्याला सांगून झालं होतं. बाबांनी खुंटीवरची टोपी उचलली. मग मला म्हणाले, "गाडी जुंपतेस का? जॅबेझकडे जायचंय."

"घोडीचे नाल तर ठीक आहेत."

"घोडी नको. खेचरं जुंप. त्यांच्याशी बोलायची त्याला सवय नाही."

कूम्सकाका लोहारशाळेच्या दारात उन्हात बसले होते. हल्ली त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नसे. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "काय झालं घोडीला?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "घोडी आणली नाही. जॅबेझ, मी तुझ्याशी बोलायला आलोय."

बाबा टोपी हातात घेऊन उभे. मी खेचरांपाशी थांबले होते, पण ऐकू सगळं येत होतं.

"माझ्या नावाचा दगड उभा करतायत. गाव वसवणारा म्हणून. मी नको म्हटलं, ऐकत नाहीत. तू सांगशील तसं करतो. फोड म्हणालास तर फोडून टाकतो."

मग कूम्सकाकांचा आवाज आला, रागाचा नव्हे, नुसता दमलेला. "मला विचारायला आलास होय? विचारायचं तेव्हा विचारायचं होतंस."

"खरंय."

"खरंय म्हणू नकोस. खरं काय ते तुला ठाऊकच नाही. बस तिथे."

बाबा ओंडक्यावर बसले.

"पत्र्या ठोकून झाल्या त्या संध्याकाळी थर्झा मला म्हणाली, जॅबेझ, हे गाव राहत नाही. आपण ऑरिनशी बोलू, दोघं मिळून जाऊ. मी आधी चिडलो. मग म्हटलं, बरोबर आहे तुझं, उद्या सकाळी त्याच्याकडे जातो. सकाळी बादली घेऊन ती तेच सांगायला तुमच्या दाराशी येत होती."

बाबांच्या हातातली टोपी खाली पडली. त्यांनी उचलली नाही.

"तू सांगितलं असतंस तर भाता पाठीवर घेऊन आलो असतो तुझ्यामागे. शब्दाचं मला काय? शब्द गावाने दिला होता, गाव मोडत होतं. पण तू माझ्याकडूनच पत्र्या ठोकून घेतल्यास आणि मलाच लाकडं म्हणालास."

"हो."

"थांब. अजून आहे." कूम्सकाका आता हळू बोलायला लागले. "तिने पेटी भरली होती. तुमच्या मागोमाग सगळे गेले, डॉक्टर गेले, ती म्हणाली, आता तरी चल. मी ती पेटी उपसली. तिच्यादेखत. एकेक कपडा खुंटीला टांगला. म्हटलं, मरेन, पण ऑरिन ट्विचेलच्या गावात पाय ठेवणार नाही. ती रडली नाही. म्हणाली, तू मरशील असं कशावरून?"

कूम्सकाकांनी मांडीवरची राख झटकली.

"इतकी वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही ते तुझ्यामुळे, असं तुला वाटलं. वाटू दिलं मी. बोललो असतो तर हे सांगावं लागलं असतं. तू दर महिन्याला तोंड पाडून यायचास आणि मला बरं वाटायचं. म्हणायचो, हा बघ, याने मारलं तिला."

"मीच तर," बाबा म्हणाले.

"गप्प बस. सगळं स्वतःकडे ओढून घ्यायची खोडच तुला. तेव्हा गाव घेतलंस, आता हेही."

बाबा रडत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. कूम्सकाकांनी हात चाचपडत पुढे केला, त्यांची टोपी सापडली, ती झटकून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. मग माझ्या दिशेने ओरडले, "आयोवावाली, कॉफी करता येते का तुला? आत किटली आहे."

मी कॉफी केली. दगडाबद्दल कूम्सकाका एवढंच म्हणाले, "असू दे. दगडाला काय कळतंय? आपण इथे आलो तेव्हा तरी कुणाला विचारलं होतं? आपल्याआधी इथे मूळच्या लोकांच्या चुली होत्या, त्यांनी कुणाचं नाव कोरायचं?"

परतताना मला वाटलं होतं, बाबा हलके झाले असतील. पुलावर मी विचारलं, "आता बरं वाटतंय का?"

"नाही गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्याने राग सोडला की माझं ओझं कमी होईल. ती आमच्याच दाराशी येत होती, डेलिया. मी थोडा वेळ थांबलो असतो, बैल उशिरा जुंपले असते, तरी पुरलं असतं."

त्यानंतर ते दर आठवड्याला जायला लागले, नालांचं निमित्त न काढता. दोघं म्हातारे दारात बसून व्हरमाँटमधल्या कुण्या मास्तराची टर उडवायचे, कुणाची गाय कुणाच्या शेतात गेली यावर भांडायचे. खारवलेलं मांस आता कूम्सकाका घ्यायचे, वर नावंही ठेवायचे, मीठ जास्त झालंय म्हणून. पण थर्झाचं नाव निघालं की दोघंही एकदम उठायचे, एक लाकडं आणायला, दुसरा पाणी. मी अनेकदा पाहिलं ते. दोघांनी कबूल केलं होतं, पण ते कबूल करून ऐकवायचं होतं जिला, ती नव्हती.

बाबांनी कूम्सकाकांना आमच्याकडे राहायला बोलावलं. स्वतः घर ओढून आणतो म्हणाले, बैल अजून आहेत. काका म्हणाले, "ती इथे आहे." विषय संपला.

दगड उभा राहिला. समारंभाला बाबा गेले, पहिल्यांदाच. मधल्या खुर्चीत बसले नाहीत. मागे, गर्दीत, सासूबाईंचा हात धरून उभे राहिले. बर्डेट यांनी भाषणात सांगितलं की या माणसाने दूरदृष्टीने पहिलं पाऊल उचललं. बाबांनी मान खाली घातली. शेजारच्या तरुणाने त्यांना न ओळखता विचारलं, "आजोबा, हा ट्विचेल अजून आहे का हो?" बाबा म्हणाले, "आहे. आणि दूरदृष्टी वगैरे काही नव्हती त्याला. त्याच्या शेजारच्या बाईला होती." त्या पोराला काय कळणार, तो हसून पुढे सरकला.

कूम्सकाका त्याच हिवाळ्यात गेले. खोकला झाला, डॉक्टर पुलावरून वेळेवर पोहोचले, बाबा उशाशी होते, पण वय झालं होतं. त्यांना थर्झाशेजारी ठेवलं. माती लोटायला आम्ही चौघंच होतो. बाबांनी स्वतः कठडा कापला, रुंद केला, पुन्हा जोडला. लोहाराचं काम त्यांना येत नसे, सांधा वाकडाच बसला.

पुढे बाबा आजारी पडले तेव्हा वेल्सने त्यांना विचारलं. त्याला वाटलं, विचारायचं कारणच नाही. "बाबा, तुम्हाला तिकडेच नेऊ ना? काका-काकूंजवळ? जागा आहे."

बाबांनी डोळे उघडले. "तिथे नको रे."

"का? तुमचं तर मिटलं होतं."

"जॅबेझचं आणि माझं मिटलं. तिचं कुठे मिटलं? तिच्या शेजारी जाऊन पडायला मला कुणी सांगितलंय?" थोडा दम खाऊन ते म्हणाले, "मला इथेच ठेवा, ॲडलीनमध्ये. मी आणलेल्या गावात."

सासूबाईंनी मान हलवली. स्टेशनामागच्या नव्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. गाव लोटलं होतं, बँडही आला होता, आणि मालगाडी जायची वेळ झाली म्हणून पाद्रीबाबांना प्रार्थना मध्येच थांबवावी लागली.